गाडीसह खाडी ओलांडताना : ठाणे-नवी मुंबईतील नवख्या प्रवाशांसाठी फेरीबोटीची माहिती

ठाणे पश्चिमेला राहणाऱ्या पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, की आपण एका बेटावर राहतो. उत्तरेला वसईची खाडी, ईशान्येला उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशा चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या साष्टी बेटावर जुने ठाणे, मीरा-भाईंदर आणि मुंबईची उपनगरे वसलेली आहेत. कळवा, मुंब्रा आणि सगळी नवी मुंबई पलीकडच्या मुख्य भूमीवर आहे. पूल इतके झाले, की आपण पाणी ओलांडतो आहोत हे आता जाणवतही नाही. पूल नव्हते तेव्हा हीच वाट तरीने, म्हणजे होडीने, पार करावी लागे. भाईंदर ते वसई गाडी बोटीत घालून जाण्याची सोय २० फेब्रुवारी २०२४ पासून झाल्यावर ओळखीच्या अनेकांनी मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला : गाडी बोटीवर चढवायची कशी, आणि भीती बाळगावी असे त्यात काही आहे का? माझे गाव गुहागर तालुक्यात असल्याने गेली कित्येक वर्षे ठाण्याहून गावी जाताना मी गाडीसह खाड्या ओलांडत आलो आहे. त्या अनुभवातून नवख्या माणसाला उपयोगी पडेल ते येथे क्रमाने मांडतो.

आधी फेरी निवडावी

ठाणे आणि नवी मुंबईच्या माणसाच्या आवाक्यातली सर्वांत जवळची वाहनफेरी म्हणजे भाईंदर-वसई. भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून निघालेली बोट वसईच्या किल्ल्याजवळच्या जेट्टीला लागते. पाण्यावरचे अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि ते पार करायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. हेच अंतर महामार्गाने फिरून गेल्यास सुमारे अडतीस किलोमीटर भरते. एका खेपेत तीसेक गाड्या आणि शंभर प्रवासी मावतील एवढी ही बोट आहे.

मात्र हे आकडे पाहून ठाण्याच्या माणसाने लगेच भाईंदरची वाट धरू नये. ठाण्याहून जेट्टीपर्यंत पोचण्यासाठी घोडबंदर रस्ता, गायमुखचा घाट आणि काशिमीरा हे सारे पार करावेच लागते, आणि त्यानंतर भाईंदरच्या पूर्वेकडून पश्चिमेला यावे लागते. आपले काम वसई पूर्वेला किंवा महामार्गाच्या कडेला असेल, तर घोडबंदरच्या फाऊंटन हॉटेलच्या नाक्यापासून खाडीवरचा पूल ओलांडून सरळ जाणेच शहाणपणाचे आहे. काम वसई गावात, पापडीला, किल्ल्यात किंवा भुईगावच्या किनाऱ्याकडे असेल, तर मात्र फेरीमुळे खरोखरच त्रास वाचतो. ऐरोली किंवा कळव्यामार्गे येणाऱ्या नवी मुंबईकरांनाही हाच हिशोब लागू आहे.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (गाड्या थेट चढवता-उतरवता येतात अशी) बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. ती बरीच मोठी आहे, प्रवास तासाभराचा आहे आणि आरक्षण आधी करावे लागते. ठाण्याच्या माणसाला अलिबागला जाण्यासाठी ती सोयीची पडते. बेलापूर-नेरूळच्या माणसाने मात्र उलटे मुंबईत शिरण्यापेक्षा पेणवरून रस्त्याने गेलेले बरे, असे माझे मत आहे. विरारजवळच्या मारंबळपाड्याहून वैतरणेच्या खाडीपलीकडे सफाळ्याच्या बाजूला खारवाडेश्रीला जाणारी फेरीही २०२५ मध्ये सुरू झाली आहे.

कोकणात सुट्टीला जाणाऱ्यांना मुरूडजवळच्या आगरदांड्याहून दिघीला, श्रीवर्धन तालुक्यातल्या बागमांडल्याहून बाणकोटच्या खाडीपलीकडे वेशवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला अशा फेऱ्या मिळतात. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे, आणि या किनाऱ्यावर गाडी बोटीत घालण्याची सवय लोकांना लागली ती मुख्यतः तिच्यामुळे. या चार खाड्या ओलांडत अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येते. महामार्गाने गेल्यास वेळ कमी लागेल, पण हा रस्ता एकदा तरी करावा असा आहे.

घड्याळाआधी तिथी पाहावी

नवखा प्रवासी सर्वप्रथम वेळापत्रक शोधतो, आणि ते शोधावेच. परंतु छोट्या खाडीतली फेरीबोट वेळापत्रकाइतकीच भरती-ओहोटीच्या अधीन असते. बोटीच्या तळाखाली पुरेसे पाणी हवे, आणि तिचा लोखंडी रॅम्प जेट्टीच्या उतारावर नीट टेकायला हवा. खोल ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे वर येतात, जेट्टीजवळ गाळ उघडा पडतो आणि सारंगाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, थोडा वेळ बोट थांबवून ठेवावी लागते. हा बेत बिघडवणारा उशीर आपण घरबसल्या आधीच ओळखू शकतो, आणि त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.

कोळीवाड्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशोब असा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. समजा, आज पंचमी आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती असेल, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी-मध्यरात्री बाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच राहतो. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचे अंतर असते आणि त्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाऊणपटीच्या हिशोबात हे सरकणे आपोआप सामावले जाते. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याला बराच जुळतो. खाडीत आत शिरेपर्यंत भरतीला उशीर होतो आणि दक्षिणेकडे जावे तसाही थोडा फरक पडतो, म्हणून अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. अचूक वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचे छापील तक्ते असतात आणि मोबाइलवरही त्या वेळा मिळतात; पण एकदा हा हिशोब अंगवळणी पडला, की कॅलेंडरकडे नजर टाकताच दिवसाचा अंदाज येतो.

वेळेइतकेच महत्त्व भरतीच्या जोराला आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्याला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढू शकते आणि ओहोटीला तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो; पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. जेट्टीचा उतार भांगाच्या दिवसांत दिवसभर जवळजवळ सारखा राहतो. पहिल्यांदाच गाडी बोटीवर घालणाऱ्याने सप्तमी ते दशमीच्या दरम्यानचा दिवस निवडावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

आता एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, त्यामुळे खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. पौर्णिमा रविवारला लागून आली, की लोक समुद्रावर चांदणे पाहायला जातात आणि परतीची फेरी नेमकी संध्याकाळी सहाची धरतात. त्या वेळी उधाणाची ओहोटी असते, रांग लांब असते आणि बोट पाण्यासाठी थांबलेली असते. अशा दिवशी परतीला दुपारी चारच्या आधी जेट्टीवर असावे; ते जमणार नसेल, तर रस्त्याने परतण्याची तयारी ठेवावी.

घरून निघण्यापूर्वी

गाडीची मूळ कागदपत्रे, पुरेसे सुटे पैसे आणि भरलेली टाकी एवढे बरोबर असावे. खाडीच्या काठावर मोबाइलचे जाळे कधी कमी होते, त्यामुळे केवळ मोबाइलवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नये. डब्यात सुटे पेट्रोल किंवा भरलेला गॅस सिलिंडर गाडीत ठेवून बोटीवर जाऊ नये. घरसामान हलवत असाल तर त्याबद्दल आधीच विचारून घ्यावे. पहिली आणि शेवटची फेरी कितीची आहे हे निघण्याच्या दिवशीच विचारावे, कारण ऋतूप्रमाणे वेळा बदलतात. ज्यांना बोट लागते त्यांना धास्तीचे कारण नाही. खाडीतला प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि पाणी बहुधा शांत असते. मांडव्याची गोष्ट वेगळी आहे, तेथे मोकळा समुद्र लागतो.

जेट्टीवर पोचल्यावर

जेट्टीकडे जाणारा रस्ता शेवटी अरुंद होतो. वसईला तो किल्ल्याच्या तटांमधून, चिमाजी अप्पांच्या स्मारकावरून जातो. समोरून बोटीतून उतरलेल्या गाड्या एकदम येतात. अशा वेळी रांगेतून बाहेर पडून पुढे घुसणारी एकच गाडी दोन्ही बाजूंची वाट बंद करते, आणि मग बोट उभी असूनही कोणालाच चढता येत नाही. म्हणून रांगेतच राहावे, आणि डाव्या बाजूला इतके सरकून उभे राहावे की उतरणारी गाडी सहज निघून जाईल.

तिकीट खिडकीवर मिळते. बहुतेक ठिकाणी वाहनाच्या तिकिटात चालकाचे तिकीट धरलेले असते आणि बाकीच्यांची माणशी वेगळी तिकिटे घ्यावी लागतात. दर खिडकीजवळच्या फलकावर लिहिलेले असतात. तिकीट हातात आहे म्हणजे याच बोटीत जागा मिळेल असे नव्हे. किती गाड्या घ्यायच्या हे बोटीवरचा माणूस ठरवतो आणि त्याने हात आडवा केला की पुढच्या फेरीची वाट पाहावी. त्याच्याशी वाद घालणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांना पाहून मला वाईट वाटते. कारण तो माणूस आपल्याच जिवासाठी नाही म्हणत असतो.

येथे आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आपल्यासाठी ही फेरी म्हणजे सहल असेल. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांसाठी ती रोजची वाट आहे. सकाळच्या फेरीला मासळीच्या टोपल्या घेतलेल्या कोळणी असतात, शाळा-कॉलेजची मुले असतात, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे असतात. रुग्णाला घेऊन आलेली गाडी मागे दिसली, तर आपण होऊन तिला पुढे जाऊ द्यावे. सुट्टीच्या दिवशी रांगेतल्या जागेवरून गावकऱ्यांशी हुज्जत घालू नये.

रॅम्पवर गाडी चढवणे

नवख्या चालकाला जे भय वाटते ते येथेच, आणि खरी काळजीही येथेच घ्यायची असते. बोट जेट्टीच्या उतारावर नाक टेकवते, साखळ्यांवर तोललेला लोखंडी रॅम्प खाली येतो आणि काँक्रीटवर घासत स्थिरावतो. पाण्याच्या हेलकाव्याबरोबर त्याचे टोक इंच-दोन इंच वर-खाली होत राहते आणि प्रत्येक वेळी लोखंड काँक्रीटवर करकरते. हा आवाज ऐकून नवा चालक दचकतो. पण बोटीचे इंजिन तिला जेट्टीशी दाबून धरत असते, त्यामुळे ती मागे सरकत नाही.

आधी गाडीतल्या सर्वांना उतरवावे. चालक सोडून बाकीच्यांनी पायी बोटीवर जावे, अशीच बहुतेक ठिकाणची पद्धत आहे, आणि तिला कारण आहे. माणसे उतरली की गाडी स्प्रिंगांवर वर उचलली जाते आणि तिचे पोट जमिनीपासून दोन बोटे तरी अधिक उंच राहते. ओहोटीला जेट्टीचा उतार आणि रॅम्प यांच्यामध्ये कोन तयार होतो, आणि बुटक्या गाडीचा पुढचा बंपर किंवा मधला तळ नेमका त्या कोनात अडकतो. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका खाडीवर माझ्याच गाडीचे असे झाले. उधाणाची ओहोटी होती, मागे सामान आणि गाडीत पाच माणसे होती, आणि घाईपोटी मी कोणालाही उतरवले नव्हते. पुढची चाके रॅम्पवर गेली आणि गाडीचा तळ जेट्टीच्या काँक्रीटला टेकला. खलाशांनी धावत दोन जाड फळ्या आणून मागच्या चाकांखाली घातल्या आणि मग गाडी सुटली. बंपरच्या खालचा भाग फाटला, आणि त्याहून वाईट म्हणजे मागची सगळी रांग वीस मिनिटे खोळंबली. तेव्हापासून मी माणसेही उतरवतो आणि उतार तीव्र दिसला तर जड सामानही उतरवतो.

यानंतर पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, माणूस चालेल इतक्या वेगाने गाडी न्यावी. तिरपी नेऊ नये, कारण मग एक चाक आधी चढते आणि गाडी डोलते. रॅम्पवर मध्येच थांबू नये आणि ओल्या लोखंडावर ब्रेक जोरात दाबू नये. जेट्टीचा खालचा भाग रोज भरतीत बुडतो, त्यामुळे त्यावर शेवाळ आणि गाळाचा पातळ थर असतो. चारचाकीला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण दुचाकीला तो घातक आहे. दुचाकीस्वाराने मागे बसलेल्या माणसाला उतरवावे, दोन्ही पाय खाली सोडून हळूहळू न्यावे, आणि पुढचा ब्रेक मुळीच लावू नये. स्कूटर घसरते ती बहुधा तेथेच. धीर होत नसेल तर इंजिन चालू ठेवून, शेजारी चालत, गाडी हाताने न्यावी. यात कमीपणा नाही. त्या जेट्टीवर रोज जाणारी माणसेही पावसात तसेच करतात.

काही बोटींना दोन्ही टोकांना रॅम्प असतो. एका टोकाने सरळ चढावे आणि पलीकडे सरळ उतरावे. ज्या बोटीला एकच रॅम्प असतो तिच्यावर गाडी एक तर उलटी चढवावी लागते किंवा उलटी उतरवावी लागते. हे ज्याला जमत नाही त्याने ते आधीच खलाशाला सांगावे. तो गाडीपुढे उभा राहून एकेका हाताच्या इशाऱ्याने ती आत घेतो. एक तळहात वर म्हणजे थांबा, बोटे आपल्याकडे वळली म्हणजे या, आणि हात ज्या बाजूला हलेल त्या बाजूला स्टिअरिंग. आरशात पाहण्यापेक्षा त्याच्या हाताकडे पाहावे. शेजारून नातेवाईकांनी मोठमोठ्याने सूचना देऊ नयेत. एकाच माणसाचे ऐकायचे असते.

गाडी कोठे उभी करायची हेही तोच सांगतो. जड टेम्पो मध्यभागी, हलक्या गाड्या दोन्ही कडांना आणि दुचाक्या कोपऱ्यांत, अशी मांडणी बोटीचा तोल राखण्यासाठी असते. डावी बाजू भरत चालली, की तो पुढची गाडी उजवीकडे घेतो. ‘येथे जागा दिसते आहे, मी येथेच लावतो’ असे म्हणू नये.

बोटीवर असताना

गाडी थांबली की इंजिन बंद करावे, हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवावी. रात्रीची वेळ असेल तर हेडलाइट ताबडतोब बंद करावेत; समोरून झोत आला की सारंगाला काळ्या पाण्यातली होडी किंवा जाळ्याची खूण दिसत नाही. दुचाकी मधल्या स्टँडवर लावावी, साइड स्टँडवर भरवसा ठेवू नये. ज्या गाड्यांचा अलार्म हलक्या धक्क्याने वाजतो, त्यांचा अलार्म बंद करून ठेवावा.

मग गाडीतून खाली उतरावे. प्रवास छोटा आहे म्हणून काचा वर करून आत बसून राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि ती सवय चांगली नाही. गाड्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या असतात, की काही विपरीत घडल्यास दरवाजा पुरता उघडतही नाही. वयोवृद्ध किंवा आजारी माणसाला आत बसवावेच लागले, तर काच खाली, पट्टा सोडलेला आणि दरवाजाचे लॉक उघडे ठेवावे, आणि त्या बाजूला दरवाजा उघडेल एवढी जागा राहील असे खलाशाला आधीच सांगावे.

बोटीवर पाय ठेवताच लाईफ जॅकेट कोठे ठेवली आहेत ते पाहून घ्यावे, आणि बरोबर मूल असेल तर त्याला ते घालावेच. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि त्या दुर्घटनेत पंधरा जणांचे प्राण गेले. त्या दिवशी समुद्र खवळलेला नव्हता आणि दिवसाचा उजेड होता. म्हणूनच ‘आज पाणी शांत आहे’ हे जॅकेट न घालण्याचे कारण होऊ शकत नाही. रॅम्पच्या साखळ्यांपाशी उभे राहून फोटो काढू नयेत. रॅम्प उचलताना आणि टाकताना त्या साखळ्या ताणल्या जातात आणि तेथे पाय अडकण्याचा धोका असतो.

एवढी काळजी घेतल्यावर कठड्याशी उभे राहून खाडी जरूर पाहावी. भाईंदरहून निघाल्यावर पूर्वेकडे, म्हणजे खाडीच्या आतल्या बाजूला, रेल्वेचे पूल दिसतात आणि पश्चिमेकडे खाडीचे तोंड रुंद होत जाते. ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख आहे. तीच नदी ठाण्याच्या उत्तरेने वळसा घेऊन येथे समुद्राला मिळते.

उतरताना

बोट टेकून रॅम्प पूर्ण खाली येईपर्यंत आणि खलाशी इशारा करीपर्यंत इंजिन सुरू करू नये, कारण तीस गाड्यांचा धूर त्या अरुंद जागेत साचतो. पायी उतरणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. ओहोटीला उतरताना प्रत्यक्षात चढ चढायचा असतो. ओल्या काँक्रीटवर ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर चाके जागच्या जागी फिरतात, म्हणून पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या गतीने वर जावे आणि वर पोचल्यावर लगेच न थांबता पुढे निघावे, म्हणजे मागच्यांची वाट मोकळी राहते. माणसांना गाडीत घ्यायचे ते रस्ता रुंद झाल्यावर.

जेथे गाडी जात नाही

भाईंदर आणि नायगावच्या मधोमध, रेल्वेच्या पुलांच्या पायथ्याशी पाणजू नावाचे बेट आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्या रोज या गावावरून जातात, पण तेथे त्या थांबत नाहीत. गावकऱ्यांची वाट बोटीचीच आहे. घारापुरीच्या शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांवर समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज पोचली ती २०१८ साली. लेणी पाहायला येणारे पर्यटक संध्याकाळी परत जातात. पण तेथे राहणाऱ्यांना तांदळाच्या पोत्यापासून औषधाच्या गोळीपर्यंत सगळे पाण्यावरूनच आणावे लागते. विरारजवळच्या अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरही कोळ्यांची वस्ती आहे.

या बेटांवर जायचे असेल तर गाडी अलीकडच्या काठावर, मासळी उतरवण्याची वाट आणि जाळी सुकवण्याची जागा सोडून, लावावी. बोटीत सामान चढत असताना मध्ये उभे राहू नये. सिलिंडर, पाण्याचे कॅन, विटा, सिमेंट आधी चढते आणि माणसे नंतर बसतात, आणि तो क्रम तोलासाठीच असतो. बेटावरच्या माणसाला ‘शेवटची बोट किती वाजता?’ एवढेच विचारू नये, तर ‘आज पाणी कसे आहे, मी कितीपर्यंत परत निघावे?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फलकावरची वेळ असते. दुसऱ्याचे उत्तर त्या दिवसाचे असते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हेही लक्षात असावे.

पावसाळा

जून ते ऑगस्ट या काळात नवख्याने पहिला प्रयोग करू नये. खाडीच्या आतल्या फेऱ्या पावसातही हवामान पाहून चालवल्या जातात, परंतु वारा वाढला, पाऊस इतका पडला की पलीकडचा काठ दिसेना, किंवा पुराचे पाणी खाडीत उतरले, की फेरी थांबते आणि ती कधी सुरू होईल हे कोणी सांगू शकत नाही. उल्हासला पूर असताना भाईंदरच्या खाडीत पाण्याचा जोर वाढतो आणि त्याबरोबर वाहून आलेली झाडे, बांबू आणि जलपर्णीचे पुंजके येतात. मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. ती जपून ठेवावी आणि त्या दिवशी फेरीचा बेत करू नये. निघालाच असाल, तर जेट्टीवर पोचण्यापूर्वी फोन करून फेरी चालू असल्याची खात्री करावी, आणि रस्त्याचा पर्यायी मार्ग व त्याला लागणारा वेळ डोक्यात तयार असावा.

घरी परतल्यावर एक काम उरते आणि ते बहुतेक जण विसरतात. जेट्टीवर आणि रॅम्पवर गाडीच्या तळाला खारे पाणी आणि खाडीचा गाळ लागलेला असतो. तो सुकला की बोल्ट, सायलेन्सर आणि ब्रेकचे पत्रे गंजू लागतात. त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी गाडी धुण्याच्या केंद्रातल्या रॅम्पवर चढवून, खालून गोड्या पाण्याने, चाकांच्या कमानींच्या आतपर्यंत धुऊन घ्यावी. दुचाकीची साखळीही धुऊन, पुसून, तिला तेल घालावे.